वाटेवरचे सोयरे

मोगापीमामांना प्रश्न पडला की गाडी थांबवावीच लागते, हे ओरातिलेला माहलापे सोडून वीस किलोमीटर झाल्यावरच कळून चुकलं.

पहिला थांबा शहामृगांसाठी झाला. रस्त्याच्या कुंपणापलीकडे दोन उभी होती, एक काळं आणि एक मातकट. मामांनी खिडकीची काच खाली केली, टोपी मांडीवर ठेवली आणि विचारलं, "यांच्यात अंड्यांवर कोण बसतं?"

"दिवसा मादी, रात्री नर," ओरातिले म्हणाली. "ती मातीच्या रंगाची, दिवसा दिसत नाही. तो काळा, अंधारात दिसत नाही."

"म्हणजे रात्रपाळी बापाची."

"हो."

"मग दिवसा तो काय करतो?"

 अठरा वर्षं ओरातिले परदेशी पाहुण्यांना जंगल दाखवत होती. शहामृग किती जोरात पळतं, त्याचं अंडं केवढं असतं, हे तिने झोपेतही सांगितलं असतं. पण रात्रपाळी संपल्यावर बाप काय करतो, हे तिला अजून कुणी विचारलं नव्हतं. "चरत असेल," ती म्हणाली. "खरं सांगू? मी कधी लक्ष दिलं नाही."

"मग दे ना आता. थांबलोच आहोत तर बघू थोडा वेळ."

मागच्या सीटवर आत्या बसल्या होत्या, म्मा-फेन्यो, म्हणजे फेन्योची आई. मांडीवर चौकटीची जाड शाल घडी करून ठेवलेली, अंगात निळ्या छापाचा कडक इस्त्रीचा झगा. त्यांनी पुढच्या सीटवर टकटक केलं. "अहो मोगापी, आपण सून मागायला निघालोय. शहामृगांच्या पाळ्या लावायला नाही."

"सून उद्या सकाळी आहे, म्मा. शहामृग आत्ता आहे."

आत्यांनी कपाळाला हात लावला आणि ओरातिलेने गाडी सुरू केली.

गंमत वाटावी अशी ही वेळ नव्हती. ओरातिलेचा धाकटा भाऊ लेफिका बोतेती नदीकाठच्या मोतोपी गावात शाळामास्तर होता. तिथल्याच दवाखान्यातल्या बोनोलोशी त्याला लग्न करायचं होतं आणि तिलाही त्याच्याशी. पण दोघांनी ठरवून लग्न होत असतं तर मामा-आत्या हव्यात कशाला? मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी सकाळी, सूर्य गोठ्याच्या कुंपणावर चढायच्या आत मुलीच्या दारात जायचं. पुरुषाच्या अंगात कोट, बाईच्या खांद्यावर शाल. खाली मान घालून म्हणायचं, "पाणी प्यायला भोपळा मागायला आलोय." भोपळा म्हणजे मुलगी. मग पुढचं बोलणं. ओरातिलेचे आईवडील दोघंही गेलेले, म्हणून आईच्या बाजूने मामा आणि बापाच्या बाजूने आत्या. लेफिकाला लहानाचा मोठा केला ओरातिलेने, पण तिला त्या अंगणात पाऊल टाकता येणार नव्हतं. एक्केचाळीस वर्षांची झाली तरी ती बिनलग्नाची, आणि बिनलग्नाच्या माणसाला मागणीच्या बैठकीत जागा नाही. तिने गाडी चालवायची आणि कुंपणाबाहेर बसायचं.

एकदा हे लोक जाऊन आले होते. जानेवारीत बसने गेले. बस वाटेत बंद पडली आणि ते पोचले तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. बोनोलोचे मोठे काका दितिरो फाटकातच उभे होते. ते म्हणाले, "एकदा उशीर झाला, तर दोष बसचा. पुन्हा झाला तर तुमचा. तिसऱ्यांदा येऊ नका." पाण्याचा पेलाही न देता त्यांनी दोघांना परत पाठवलं. त्यानंतर सहा महिने लेफिका फोनवर नुसता 'हं' आणि 'नाही' एवढंच बोलत होता. म्हणून या वेळी ओरातिलेने रजा काढली, स्वतःची गाडी काढली आणि त्याला शब्द दिला, "मी वेळेवर पोचवते. तू फक्त झोप काढ."

तिने सगळा हिशेब मांडला होता. वाटेतली गुरं, गाढवं, रस्त्यातले खड्डे. मामा तेवढे हिशेबातून राहून गेले.

मामांनी एकतीस वर्षं माहलापेजवळ रेल्वेच्या फाटकावर काढली होती. गाडी आली की फाटक पाडायचं, गेली की उचलायचं. मधल्या वेळात विचार करायचा. त्या फाटकातून त्यांनी अख्खा देश जाताना पाहिला, पण स्वतः कधी फ्रान्सिसटाउनच्या पलीकडे गेले नाहीत. जानेवारीत गेले तेवढेच, आणि तेव्हा बसमध्ये त्यांच्या वाट्याला मधली सीट आली होती. हत्ती, जिराफ, सिंह त्यांनी नोटांवर आणि कॅलेंडरवर पाहिलेले. ते स्वतः मगर नाचणारे. इथे माणसाचं देवक विचारायचं तर "तुम्ही काय नाचता?" असं विचारतात. कुणी माकड नाचतो, कुणी म्हैस, कुणी हत्ती. जो जे नाचतो ते त्याने मारायचं नाही, खायचं नाही, आणि परक्यानेही त्याच्यासमोर त्याला नावं ठेवायची नाहीत. मामांनी सत्तर वर्षं मगर नाचली, पण मगर पाहिली नव्हती. "माझं म्हणजे असं झालंय," ते म्हणायचे, "जन्मभर ज्याच्या नावाने पत्र येतंय, त्याला मी कधी भेटलोच नाही."

दुक्वेच्या नाक्यावर गुरांचा रोग पसरू नये म्हणून सगळ्यांना खाली उतरून औषधात भिजवलेल्या चटईवर जोडे घासावे लागतात. मामांनी मागणीसाठी घातलेले काळे जोडे काढून हातात घेतले आणि मोज्यांनिशी चटईवरून चालले. नाक्यावरची बाई म्हणाली, "बाबा, रोग जोड्यांना असतो, मोज्यांना नाही." मामांनी तिला विचारलं की रोगाला कसं कळतं नाका कुठे आहे ते. तिने तोंडावर हात धरून हसू लपवलं. गाडीत परत बसताना मामांचे मोजे ओले आणि चेहरा समाधानी होता.

तिथून पुढे झाडांच्या ढोलीत राहणारा लाल चोचीचा पक्षी दिसला. ओरातिलेने आपणहून सांगितलं की याची मादी ढोलीत बसते, दार चिखलाने लिंपून बंद करून घेते आणि नर एवढ्याशा फटीतून तिला घास भरवतो. पाहुणे हे ऐकून नेहमी 'आहा' म्हणायचे. मामा मात्र काळजीत पडले.

"आणि नवरा परत आलाच नाही तर?"

"मग ती दार फोडून बाहेर येते."

"लगेच? की वाट बघते?"

"दोन दिवस तरी बघत असेल," आत्या मागून म्हणाल्या. त्यांचा नवरा जोहान्सबर्गला खाणीत गेला होता तो परतलाच नव्हता. "मग भूक लागते."  ओरातिलेला वाटलं, हा पक्षी आपण अठरा वर्षं दाखवतोय खरं, पण आज पहिल्यांदा पाहिला.

नाता गावी पेट्रोल भरायला थांबले तेव्हा मामांनी टपरीवरून गरम मग्विन्या घेतल्या, मैद्याचे तळलेले गोळे. पहिला घास घ्यायच्या आत टपरीच्या छपरावरून एक माकड उतरलं. काळं तोंड, करडं अंग. त्याने शांतपणे मामांच्या हातातला कागद ओढला आणि दोन गोळे घेऊन पुन्हा छपरावर गेलं. वर बसून मामांकडे बघत खाऊ लागलं.

मामा क्षणभर थक्क झाले. मग त्यांचा पारा चढला. "चोरा!" त्यांनी टोपी फेकून मारली. ती माकडाच्या शेपटीला लागली. "चोराच्या पोरा! तुझा बाप चोर, तुझा आजा चोर, तुझं अख्खं खानदान उचल्यांचं!"

टपरीवाली पोट धरून हसत होती. आत्याही हसल्या, निघाल्यापासून पहिल्यांदा. टोपी काढायला ओरातिलेला छपरावर काठी फिरवावी लागली. पुढे अर्धा तास मामांनी एकही प्रश्न विचारला नाही. रागात होते.

ग्वेताला त्यांनी मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचला निघाले. जुलैची थंडी होती. मामांनी कोट चढवला, आत्यांनी शाल पांघरली. मोतोपी दोन तासांवर. सूर्य कुंपणावर चढायला आठ वाजणार. ओरातिलेच्या हिशेबात चांगला अर्धा तास शिल्लक होता.

सव्वासहाला, उजाडता उजाडता, रस्ता बंद झाला.

आधी तिला वाटलं की धुकं आहे. मग धुक्याला पाय फुटले. रस्त्याच्या कडेने जाणारी पाण्याची नळवाहिनी कुणीतरी फोडली होती, म्हणजे ज्यांनी फोडली ते समोरच उभे होते. पाणी डांबरावर पसरलं होतं आणि त्या पाण्यात, रस्त्याच्या मधोमध, हत्ती. ओरातिलेने सवयीने मोजले. सतरा. पुढे एक म्हातारी, डाव्या कानाला खालपर्यंत गेलेली चीर. तिच्या पोटाखाली एक पिल्लू, अजून सोंडेचं काय करायचं हे न कळलेलं. ते सोंड पाण्यात घालत होतं आणि मग तोंड लावूनच पीत होतं.

"आई गं," मामा हळूच म्हणाले. एवढंच.

मागून गुरांचा एक ट्रक आला. त्याने भोंगा वाजवला, इंजिन गुरगुरवलं आणि हळूहळू आत घुसला. म्हातारीने कान पसरले, चित्कार केला, पण बाजूला झाली. ट्रक निघून गेला. त्याच्यामागे दुसराही गेला. दुसऱ्याच्या मागे क्षणभर वाट मोकळी राहिली. ओरातिलेने गिअर टाकला. हे तिने आधी केलेलं होतं. पाहुण्यांचं विमान चुकायला आलं की करावं लागायचं, आणि दर वेळी नंतर दिवसभर तिचा मूड जायचा.

"थांब," मामा म्हणाले.

"मामा, आत्ता गेलो तर जातोय. वाट पुन्हा मिटेल."

"बोनोलोचे लोक काय नाचतात?"

ओरातिलेचा हात गिअरवरच राहिला. लेफिकाला भेटायला ती मागे मोतोपीला गेली होती, तेव्हा नळावर बोनोलोच्या आजीला एका म्हाताऱ्याने हाक मारलेली तिने ऐकली होती, "काय हत्ती, बरी आहेस ना?" आणि आजी किती खूश झाली होती!

"हत्ती," ती म्हणाली.

"मग इंजिन बंद कर."

"मामा!"

"ज्यांच्या घरी मुलगी मागायला चाललोय, त्यांच्याच माणसांना वाटेत भोंगा वाजवून बाजूला करू? आणि मग आत जाऊन खाली मान घालू? बंद कर."

आत्यांनी घड्याळ पाहिलं. "मोगापी, दितिरोने काय सांगितलंय ते विसरलात? पुन्हा उशीर झाला तर दार बंद. त्या पोराचं काय?"

"म्मा, मी एकतीस वर्षं लोकांना थांबवलंय. शिव्या खाल्ल्या. थांबून कुणी मेलेलं मी पाहिलं नाही. न थांबलेले पाहिलेत."

 आत्यांनी शाल घट्ट ओढली आणि बाहेर पाहू लागल्या. ओरातिलेने चावी फिरवली. इंजिन थांबल्यावर पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला, आणि सोंडांचा, आणि मोठ्या पोटांतून येणारी गुरगुर.  तिला मात्र लेफिकाचा चेहरा दिसत होता, इस्त्रीचा सदरा घालून शाळेच्या खोलीत बसलेला. फोन करून कळवावं, तर रेंज नव्हती. असती तरी मागणीच्या सकाळी फोनवरून सबबी सांगणारा पाहुणा कुणाला आवडतो?

मामांनी काच चार बोटं खाली केली, टोपी काढली आणि रस्त्याकडे बघून म्हणाले, "नमस्कार, मायबाप. आम्ही माहलापेहून आलोय. तुमच्याच घरी चाललोय. घाई आहे, पण ती आमची, तुमची नाही." मग काच वर केली आणि ओरातिलेकडे वळले. डोळे लहान पोरासारखे चमकत होते. "यात बापे कुठायत?"

"नाहीत. हा सगळा बायकांचा कळप. आई, मावश्या, मुली. ती फाटक्या कानाची सगळ्यांत मोठी. कुठे पाणी, कुठे चारा, सगळं तिला पाठ."

"आणि मुलगे?"

"बारा-चौदा वर्षांचे झाले की हाकलून देतात. मग एकटे फिरतात, नाहीतर दोघं-तिघं मिळून."

मामा अस्वस्थ झाले. "म्हणजे मामा नाही?"

"आहे ना. पण लांब कुठेतरी."

"मग मुलीचं लग्न कोण ठरवतं?"

"कुणी ठरवत नाही, मामा. नर स्वतःच येतो."

"स्वतः? एकटा? दारात?" मामांनी आत्यांकडे पाहिलं. "निर्लज्जच म्हणायचा."

"वेळेवर तरी येत असेल," आत्या म्हणाल्या.

पावणेसात झाले. सात झाले. एक अर्धवट वाढलेला नर कडेने पाण्याकडे यायला बघत होता आणि दोन मावश्या त्याला पुन्हा पुन्हा ढकलत होत्या. ओरातिलेने मामांना दाखवलं, की यालाच आता बाहेर काढताहेत. त्याला अजून कळत नाहीये, तो पुन्हा येतोय. मामा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. बोलताना त्यांचा आवाज बदलला. "तुझी आई गेली तेव्हा मी आठ दिवसांनी आलो. फाटकावर बदली माणूस नव्हता, असं सांगितलं. होता. माझं आणि तिचं भांडण होतं. मला वाटलं, आता कुठल्या तोंडाने जाऊ."

ओरातिलेने स्टिअरिंगवर हात ठेवले. हे तिला माहीत होतं. मामा कधी बोलतील असं तिला वाटलं नव्हतं. "लेफिका विचारायचा, मामा का आले नाहीत," ती म्हणाली. "मी सांगायचे, रेल्वे बंद पडेल म्हणून."

मामांनी नाक पुसलं. "आज आलोय," ते म्हणाले. ओरातिलेच्या मनात आलं, आलात खरं, आणि पुन्हा उशिराच. ते तिने गिळून टाकलं.

सव्वाआठला फाटक्या कानाची म्हातारी वळली आणि एकेक करून सगळी रस्ता सोडून पलीकडच्या बाभळींत शिरली, पाण्यापासून फार लांब नाही. ओरातिलेने गाडी काढली ती थेट मोतोपीला. तोपर्यंत नऊ वाजून गेले होते. गोठ्याच्या कुंपणाची सावली आखडून खुंटांपाशी आली होती.

दितिरोकाका फाटकातच होते. उंच, वाकलेले, कोटाची तिन्ही बटणं लावलेले. त्यांनी मामांकडे पाहिलं, मग वर सूर्याकडे.

"पाणी प्यायला भोपळा मागायला आलोय," मामा खाली मान घालून म्हणाले. "आणि उशीर आमचा आहे, गाडीचा नाही. पाठवायचं तर पाठवा. पण कारण ऐकून पाठवा."

 दितिरोकाकांनी फाटक अर्धं उघडलं. "कारण ऐकायला आमची म्हातारी बसलीय आत. तिला गोष्टी आवडतात. ऐकवा आणि जा."

मामा आणि आत्या आत गेले. ओरातिले गाडीत राहिली. काका फाटकाला कडी घालत होते तेवढ्यात रस्त्याने गाढवगाडी गेली आणि गाडीवानाने हाक दिली, "काय माकडा, पाहुणे आले वाटतं?"

"आले, पण उन्हं चढल्यावर," काका म्हणाले आणि आत गेले.

ओरातिलेने झटकन मान वळवून फाटकाकडे पाहिलं. माकडा. गाडीवान चिडवत नव्हता, मानाने हाक मारत होता. हे घर माकड नाचणारं! आणि आजी हत्ती, कारण आजी या घरात सून म्हणून आलेली. बाई लग्न करून कुठेही गेली तरी आपल्या बापाचंच देवक नाचते. हे शाळेतल्या पोराला कळतं. ओरातिलेला कळायला नको? एका नळावरच्या हाकेवरून तिने सगळ्या घराला हत्ती करून टाकलं होतं. ज्यांच्यासाठी दोन तास थांबले ते या घराचे कुणी नव्हते. आणि जो या घराचा होता, त्याला मामांनी नाताला टोपी फेकून मारली होती आणि त्याच्या खानदानाला उचले म्हटलं होतं.

आत जाऊन सांगता येत नव्हतं. मामांचा फोन पुढच्या सीटवर पडला होता. ती फक्त कान देऊन बसली. आतून मामांचा आवाज येत होता, शब्द नाही. सावकाश, लांबलचक. म्हणजे हत्तींचंच चाललंय. मग दितिरोकाकांचा आवाज चढला, "हत्ती? आमच्याकडे हत्ती कोण नाचतं?"  मग पुन्हा मामा, हळू, थोडं थोडं थांबत. ओरातिलेने डोळे मिटले. तिला ओळख होती त्या स्वराची. मामा नाताच्या माकडाचं सांगत होते. काय हा माणूस! कुणी विचारलंही नसेल.

मग एक म्हातारी हसली. नुसती हसली नाही, हसता हसता तिला ठसका लागला. आणखी कुणीतरी हसलं. आणि मग कुंपणाआडून एका बाईने जीभ लववून ललकारी दिली, तिच्यामागे दुसरीने, तिसरीने, आणि बायकांची ती उंच, लांब ललकारी सगळ्या गल्लीभर झाली. अशी ललकारी एकाच उत्तरासाठी देतात. ओरातिलेने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ती रडली. मग तिने लेफिकाला फोन लावला आणि तिलाच 'हं'च्या पुढे काही बोलता आलं नाही.

थोड्या वेळाने फाटक उघडलं. बोनोलोची आजी, म्मा-दितिरो, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात चहाचा पत्र्याचा मग घेऊन आली. ओरातिले खाली उतरायला लागली तर आजीने काठीने थांबवलं आणि स्वतःच दार उघडून मामांच्या सीटवर चढून बसली.

"घे, चहा पी. तुला आत यायला बंदी आहे, मला बाहेर यायला नाही." तिने श्वास घेतला. "तुझ्या मामाने दितिरोला सांगितलं, चूक झाली, भलत्याच लोकांसाठी थांबलो. आणि तुमच्या माणसाला वाटेत मारलं, तो माझं खाणं घेऊन गेला म्हणून. दितिरोचं तोंड बघण्यासारखं झालं होतं! मी म्हटलं, खरंच तर बोलतोय तो. पन्नास वर्षं मी या माकडांच्या घरात आहे. माझ्या ताटातलं कुणी उचललं नाही असा एक दिवस गेलेला नाही."

ओरातिले हसली, पण आजी हसत नव्हती.

"दरवर्षी ते शेतात येतात," आजी म्हणाली. "माझी माणसं, हत्ती. मका खातात, कुंपण मोडतात. आमच्या घरचे सगळे डबे घेऊन धावतात, मिरची जाळतात. बरोबरच आहे, पोरांनी खायचं काय? मीही डबा वाजवलाय. पण पन्नास वर्षांत या घरातून कुणी त्यांना नमस्कार केला नाही. तू काय नाचतेस, असं मला कुणी विचारलं नाही. नळावर मला 'हत्ती' म्हणून हाक मारणारा एक म्हातारा होता, माझ्या गावचा, तो गेल्या वर्षी गेला." तिने काठी दोन्ही हातांत धरली. "आणि आज तीन अनोळखी माणसं, मुलगी गमवायची वेळ आली तरी, त्यांच्यासाठी दोन तास थांबली. दितिरो काय म्हणणार होता? त्याच्या आईचा मान झालाय. दार कसं लावेल?"

 ओरातिलेच्या हातातला चहा गार होत होता.

"किती होते?" आजीने विचारलं.

"सतरा."

"पिल्लू होतं?"

"एक. सोंड वापरता येत नाही अजून. तोंडानेच पाणी पितं."

"आणि पुढे कोण होती?"

"म्हातारी. डावा कान फाटलेला, थेट खालपर्यंत."

आजीने मान हलवली, ओळखीच्या बाईचं नाव ऐकावं तशी. "नळ दुरुस्त व्हायला दुपार होईल. तोवर तिथेच असतील. चल."

"आत्ता? आजी, आत बैठक चाललीय."

"आता मुलीसाठी किती गुरं द्यायची त्याची बोलणी चाललीत. ती संध्याकाळपर्यंत संपत नाहीत. म्मा-फेन्यो पुरून उरेल त्यांना. चालव."

ओरातिलेने इंजिन सुरू केलं तसे मामा कोट सावरत फाटकातून धावत आले. "मला सोडून कुठे? माझा एक प्रश्न राहिलाय!" बोलणी सोडून मामा गाडीत, आणि तेही मागे, आत्यांच्या जागेवर. आत्या काय म्हणतील ते आत्यांनाच ठाऊक.

ते पोचले तेव्हा कळप पुन्हा पाण्यावर आला होता. ओरातिलेने लांबच गाडी उभी करून इंजिन बंद केलं. आजीने काच पूर्ण खाली केली. बाहेर वारा गार होता, तिने डोक्यावरचा रुमाल सोडून मांडीवर ठेवला. मग ती बोलू लागली. आपल्या बापाच्या घराण्याची हत्तीची स्तुती, जी लग्नात आणि मातीला म्हणतात. मोठ्याने नाही, समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तेवढ्याच आवाजात. मधल्या काही ओळी तिला आठवत नव्हत्या. ती थांबायची, ओठ हलवायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. फाटक्या कानाच्या म्हातारीने सोंड वर करून वास घेतला आणि पाणी पीत राहिली.

आजीला सगळी स्तुती आठवायला खूप वेळ लागला. मोगापीमामा मागच्या सीटवर टोपी छातीशी धरून बसले होते, आणि तेवढ्या वेळात त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.